फिट कधी आलीच नाही, मग फिटची गोळी कशाला?

दुकान बंद करायच्या वेळेला एक काकू आल्या. हातात चिठ्ठी नव्हती. पदराआडून त्यांनी अर्धी वापरलेली स्ट्रिप काढून काउंटरवर ठेवली, आजूबाजूला कुणी नाही ना ते बघितलं आणि हळूच विचारलं, "ताई, खरं सांगा. माझ्या पोराला मिरगी आहे का?"

स्ट्रिपवर डायव्हॅल्प्रोएक्स ५०० असं छापलेलं होतं. पोरगा सव्वीस वर्षांचा. महिन्यापूर्वी तो आठवडाभर जेमतेम दोन-दोन तास झोपत होता आणि तरी थकत नव्हता. बोलायला लागला की थांबायचा नाही. एका दिवसात तीन ठिकाणी गाळ्यांसाठी इसार देऊन आला, वडील अडवायला गेले तर त्यांच्या अंगावर धावून गेला. मनोविकारतज्ज्ञांनी बायपोलरचं निदान केलं, गोळ्या सुरू झाल्या, पोराला झोप लागायला लागली. मग पुतण्याने मोबाइलवर गोळीचं नाव शोधलं आणि घरात जाहीर केलं की ही तर फिटची गोळी आहे. पोराला जन्मात कधी फिट आलेली नाही. म्हणजे एक तर डॉक्टरांनी काहीतरी लपवलंय, नाहीतर गोळीच चुकली आहे, असं घरच्यांनी धरलं. त्यात मुली बघणं चालू. काकूंनी दोन दिवस गोळी दिलीच नव्हती.

मी अठरा वर्षं औषधाच्या दुकानात उभी आहे आणि हा प्रश्न फिरून फिरून माझ्याकडे येतो. प्रश्न रास्त आहे. पण काउंटरवर मागे चार गिऱ्हाइकं उभी असताना त्याचं नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहिते.

काकूंना मी आधी एवढंच विचारलं, "काका हृदयाच्या गोळ्या घेतात ना? त्यात अ‍ॅस्पिरिन आहे. अ‍ॅस्पिरिन पूर्वी लोक डोकेदुखीला आणि तापाला घ्यायचे. मग काकांना काय रोज ताप येतो का?" अ‍ॅस्पिरिनने रक्ताची गुठळी होणं कमी होतं हे नंतर कळलं आणि छोट्या डोसमध्ये ते हृदयाचं औषध झालं. औषध आधी ज्या कामासाठी ओळखलं गेलं, त्या कामाचं नाव त्याला चिकटून राहतं. काकूंच्या स्ट्रिपवरचं डायव्हॅल्प्रोएक्स हे व्हॅल्प्रोएट या औषधाचंच एक रूप. व्हॅल्प्रोएटचंही तसंच झालं. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं आणि गोळीही बरोबर होती.

आता जरा आजाराकडे बघू. बायपोलरमध्ये माणसाचं मन दोन टोकांना जातं. एक टोक उन्मादाचं, त्याला मॅनिया म्हणतात. झोपेची गरजच वाटत नाही, विचार धावत सुटतात, पैसा उधळला जातो, स्वतःबद्दल अवास्तव खात्री वाटते, कधी चिडचिड इतकी वाढते की घरच्यांना भीती वाटते. ही अवस्था आठवडाभर टिकली, किंवा त्याआधीच दवाखान्यात भरती करायची वेळ आली, तर मॅनिया धरतात. दुसरं टोक खिन्नतेचं. अंथरुणातून उठवत नाही, कशात रस राहत नाही, जगणं नकोसं होतं. मॅनिया सगळ्यांच्या नजरेत भरतो, कारण तो चारचौघांत होतो. पण बहुतेक रुग्णांचे आजारपणातले जास्त दिवस खिन्नतेतच जातात आणि ते दिवस घरातल्या घरात, कुणाला न दिसता जातात. गल्लीत चर्चा होते ती उधळलेल्या पैशांची, अंधाऱ्या खोलीत झोपून काढलेल्या चार महिन्यांची होत नाही.

म्हणून या आजारात औषधाला तीन कामं असतात: चढलेला मॅनिया उतरवणं, खिन्नतेतून वर आणणं, आणि बरं वाटत असताना पुढचा झटका येऊ न देणं. तिन्ही कामं सारखीच चांगली करणारं एकही औषध नाही. लिथियम सगळ्यांत जुनं. ऑस्ट्रेलियातले डॉक्टर जॉन केड यांनी १९४९ मध्ये त्याचा मॅनियावरचा उपयोग प्रसिद्ध केला. आजही ते पहिल्या फळीत आहे. पण काहींना त्याने गुण येत नाही, काहींना किडनीमुळे किंवा थायरॉइडमुळे सोसत नाही, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण थोडं जरी वर गेलं तरी विषबाधा होते. फिटच्या गोळ्या पुढे आल्या त्या ही उणीव भरून काढायला.

त्या कशा पुढे आल्या, हे मला फार रंजक वाटतं. व्हॅल्प्रोइक आम्ल पहिल्यांदा १८८२ मध्ये बेव्हर्ली बर्टन या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने तयार केलं. पुढची ऐंशी वर्षं ते औषध म्हणून कुणी वापरलंच नाही. पाण्यात न विरघळणारे पदार्थ विरघळवायला प्रयोगशाळेत त्याचा उपयोग व्हायचा, बस्स. १९६२ च्या सुमारास फ्रान्समधल्या ग्रनोब्लमध्ये पियेर एमार नावाचा तरुण संशोधक काही नवी रसायनं तपासत होता आणि ती विरघळवायला त्याने हेच द्रव घेतलं. प्राण्यांवर चाचणी केली तर प्रत्येक रसायन फिट थांबवतंय असं दिसलं. इतकी वेगवेगळी रसायनं आणि सगळ्यांचा गुण एकच, हे पटण्यासारखं नव्हतं. मग लक्षात आलं की गुण त्या द्रवाचाच होता. काही वर्षांतच, १९६६ मध्ये, फ्रान्समधलेच मनोविकारतज्ज्ञ पियेर लांबेर यांनी व्हॅल्प्रोएटचा भाऊबंद असलेला व्हॅल्प्रोमाइड मॅनियाच्या रुग्णांना दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. म्हणजे फिटचं औषध आणि मनाचं औषध ही दोन्ही रूपं जवळजवळ एकाच वेळी समोर आली होती. अमेरिकेच्या औषध नियामकांची, म्हणजे एफडीएची, मॅनियासाठीची मंजुरी मात्र १९९५ ला मिळाली.

कार्बामॅझेपिनची वाट वेगळी. ते १९५३ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझल इथे गायगी कंपनीत वॉल्टर शिंडलर यांनी बनवलं. चेहऱ्यात विजेसारख्या कळा येतात त्या मज्जातंतूच्या दुखण्यावर आणि अपस्मारावर ते चालू लागलं. ते घेणाऱ्या अपस्माराच्या रुग्णांची मनःस्थितीही सुधारते असं डॉक्टरांच्या लक्षात येत गेलं. त्या सुमारास जपानमध्ये लिथियम अजून रुळलेलं नव्हतं, त्यामुळे तिथल्या डॉक्टरांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मॅनियावर कार्बामॅझेपिन वापरून पाहिलं. लॅमोट्रिजिन या तिघांत धाकटं. बायपोलरचे झटके लांबवण्यासाठी त्याला एफडीएची मंजुरी २००३ मध्ये मिळाली.

गोळी मेंदूत नेमकं काय करते? मेंदूतल्या पेशी एकमेकींना विजेचे छोटे संदेश देतात. संदेश सुटताना पेशीच्या भिंतीतली सोडियमची दारं क्षणभर उघडतात आणि मिटतात. जत्रेत देवळाच्या दारावर उभा असलेला सेवेकरी डोळ्यांसमोर आणा. माणसं एकेक करून येत असतील तर तो कुणालाच अडवत नाही. लोंढा आला की मात्र दार थोडा वेळ लावून घेतो. कार्बामॅझेपिन आणि लॅमोट्रिजिन सोडियमच्या दारांशी साधारण हेच करतात. पेशी नेहमीच्या गतीने काम करत असेल तर फारशी आडकाठी नाही, पण ती भराभर संदेश सोडायला लागली की मिटलेलं दार पटकन उघडू देत नाहीत. व्हॅल्प्रोएट हेही थोडं करतं, शिवाय गाबा या मेंदूला शांत करणाऱ्या रसायनाचा जोर वाढवतं. त्याचे पेशीच्या आतही बरेच परिणाम होतात, अगदी जनुकांच्या कामकाजापर्यंत.

फिट म्हणजे मेंदूतल्या विजेचा लोंढा, तेव्हा मॅनिया हासुद्धा तसलाच एक लोंढा, असं समजायचा मोह होतो. तसा विचार संशोधकांनीही केला होता. १९६० च्या दशकात ग्रॅहम गोडार्ड यांनी उंदरांच्या मेंदूला रोज अगदी सौम्य विजेचा स्पर्श दिला. पहिले काही दिवस उंदरांना काहीच झालं नाही. पण रोज तेवढाच स्पर्श देत राहिल्यावर त्यांना फिट यायला लागल्या. चुलीत बारीक काटक्या धुमसत राहाव्यात आणि मग एकदम पेट घ्यावा, तसं. अमेरिकेतले रॉबर्ट पोस्ट यांनी ही कल्पना बायपोलरला लावून पाहिली. सुरुवातीचे झटके एखाद्या धक्क्यानंतर येतात, घरातला मृत्यू, नोकरी जाणं, बाळंतपण. पुढेपुढे मात्र ते काही निमित्त नसतानाही यायला लागतात. कल्पना आकर्षक आहे आणि आजार लवकर आवरावा यासाठी तिने डॉक्टरांना बळ दिलं. पण ती उपमा आहे, आजाराचा पुरावा नव्हे. मॅनियातल्या माणसाच्या मेंदूत फिट चालू नसते.

मॅनिया म्हणजे फिट नव्हे, याला सगळ्यांत पक्का आधार औषधांनीच दिला. गॅबापेन्टिन आणि टोपिरामेट हीसुद्धा फिटची औषधं. मॅनियावर त्यांच्या रीतसर चाचण्या झाल्या, तेव्हा ती बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. फिट थांबवणं आणि मन स्थिर करणं हे एकच काम असतं, तर ही औषधंही चालली असती. त्यामुळे बायपोलरवर फिटच्या गोळ्या चालतात असं सरसकट म्हणणं चूक आहे. चालतात त्या मोजक्या, आणि त्यांचेही गुण वेगवेगळे.

व्हॅल्प्रोएट मॅनियावर जोरदार आहे. पुरेसा डोस दिला तर बऱ्याच जणांत काही दिवसांतच फरक दिसतो, आणि मॅनिया व खिन्नता एकमेकांत मिसळलेल्या अवस्थेतही ते वापरतात. झटके रोखण्यात मात्र ते लिथियमच्या मागे पडतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या बॅलन्स या चाचणीत ३३० रुग्णांना तीन गटांत विभागून दोन वर्षांपर्यंत पाहिलं. नव्या झटक्यासाठी वेगळे उपचार करावे लागले अशांचं प्रमाण नुसतं व्हॅल्प्रोएट घेणाऱ्यांत ६९ टक्के होतं, नुसतं लिथियम घेणाऱ्यांत ५९ आणि दोन्ही घेणाऱ्यांत ५४. हे आकडे मी नातेवाइकांना मुद्दाम सांगते. गोळी चालू असतानाही झटका येऊ शकतो, आणि तो आला म्हणून गोळी फुकट गेली असं होत नाही. गोळी नसती तर झटके याहून लवकर येण्याची शक्यता जास्त असते.

व्हॅल्प्रोएटने वजन वाढतं, हात थोडे थरथरतात, काहींचे केस गळतात. क्वचित यकृताला किंवा स्वादुपिंडाला सूज येते, प्लेटलेट कमी होतात. म्हणून रक्ततपासणी सांगतात ती टाळू नये. रक्तातलं औषधाचं प्रमाण बघायचं असेल तर सकाळची गोळी घ्यायच्या आधी रक्त द्यायचं. मॅनियात ते साधारण ५० ते १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या दरम्यान हवं असतं. पुष्कळ जण गोळी घेऊन मगच लॅबमध्ये जातात, आकडा फुगून येतो आणि डोस उगाच कमी होतो. सतत ओकाऱ्या, पोटात जोराची कळ, डोळे पिवळे पडणं, न उतरणारी गुंगी, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आणि आता जे सांगायचं आहे, ते मला सगळ्यांत जास्त कळकळीने सांगायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात एक आई आपल्या लेकीला घेऊन आली. लेकीचं लग्न पंधरा दिवसांवर होतं. आईने सांगितलं, "या गोळ्या स्ट्रिपमधून काढून साध्या डबीत भरून द्या, सासरी नाव दिसायला नको." गोळी सोडियम व्हॅल्प्रोएटची. ही गोळी हवेतली ओल शोषते. म्हणून ती शेवटच्या क्षणापर्यंत पाकिटातच ठेवायची असते. पावसाळ्यात डबीत भरून ठेवली तर काही दिवसांत चिकट होऊन फुटते. हे मी सांगितलं. पण खरी काळजी वेगळीच होती. लेक तेवीस वर्षांची, लग्न तोंडावर, आणि गरोदरपणाबद्दल या गोळीविषयी तिला कुणीही काहीही सांगितलेलं नव्हतं.

गरोदरपणात व्हॅल्प्रोएट घेतलेल्या दर १०० बायकांपैकी साधारण १० जणींच्या बाळात मोठं जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. मणक्याचं व्यंग, हृदयाचं, टाळू दुभंगलेली. वाचलेल्या, दिसायला धडधाकट असलेल्या मुलांपैकीही १०० त ३० ते ४० जणांना बोलणं, चालणं, शिकणं, लक्ष देणं यांत अडचणी येतात. बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भ राहिल्यापासून चारेक आठवड्यांत मिटते. पाळी चुकली हे लक्षात येऊन तपासणी होईपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. तेव्हा "दिवस गेले की बंद करू" हा बेत इथे उपयोगाचा नाही. युरोपच्या औषध नियामकांनी २०१८ पासून नियम केला की, मूल होऊ शकेल अशा बाईला गर्भधारणा टाळण्याची पक्की व्यवस्था असल्याशिवाय हे औषध द्यायचं नाही. माझं स्पष्ट मत असं, की तरुण मुलीच्या चिठ्ठीवर व्हॅल्प्रोएट दिसलं तर आईने, बहिणीने, तिने स्वतः डॉक्टरांना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: "दुसरं काही चालेल का?" बहुतेक वेळा चालतं. लॅमोट्रिजिन गरोदरपणात पुष्कळ सुरक्षित मानतात.

पण हे वाचून कुणी आज रात्रीपासून गोळी बंद करू नका. अचानक बंद केली तर मॅनिया उसळून येतो, आणि कधी फिट न आलेल्या माणसालाही फिट येण्याचा धोका असतो. आधीच दिवस गेले असतील तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांना फोन करायचा, आणि काय करायचं ते त्यांनी ठरवायचं. त्या लेकीचं मी तिथल्या तिथे तिच्या डॉक्टरांशी बोलणं करून दिलं. लग्नाआधीच तिचं औषध बदलायला सुरुवात झाली.

कार्बामॅझेपिनबद्दल थोडक्यात सांगते, कारण बायपोलरसाठी ते आता मागे पडलंय. यकृतातली औषधं फोडणारी यंत्रणा ते वेगाने चालवतं, त्यामुळे सोबतची कितीतरी औषधं निष्प्रभ होतात. गर्भनिरोधक गोळीही त्यात आली. आणि आशियाई लोकांतल्या काहींत एचएलए-बी १५०२ नावाची जनुकीय खूण असते. भारतातही ती सापडते. ती असलेल्यांत या औषधाने कातडी भाजल्यासारखी सोलून निघण्याचा धोका बराच वाढतो. रक्ताच्या तपासणीत ही खूण कळते. हे औषध पहिल्यांदाच सुरू होत असेल तर या तपासणीबद्दल विचारावं.

लॅमोट्रिजिनचा स्वभाव व्हॅल्प्रोएटच्या उलट. चढलेल्या मॅनियावर त्याचा उपयोग नाही. खिन्नतेचे झटके लांबवण्यात ते चांगलं, आणि वजन वाढवत नाही, डोकं जड करत नाही. पण ते घाईने वाढवलं तर अंगावर पुरळ येतं, आणि फार थोड्यांत हे पुरळ तोंड, डोळे, कातडी सोलण्यापर्यंत जातं. ताप, तोंडात फोड, डोळ्यांची आग यांच्यासह पुरळ आलं तर पुढची गोळी न घेता थेट दवाखान्यात जायचं. म्हणून सुरुवात अगदी मुंगीच्या पावलांनी: नेहमी पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, मग १००, मग २००. सोबत व्हॅल्प्रोएट असेल तर याच्या निम्मे, कारण व्हॅल्प्रोएट लॅमोट्रिजिनला शरीरातून लवकर जाऊ देत नाही. कार्बामॅझेपिन असेल तर उलट जास्त लागतं. इस्ट्रोजेन असलेली गर्भनिरोधक गोळी सुरू केली तर रक्तातलं लॅमोट्रिजिन निम्म्यापर्यंत उतरू शकतं. एकाच औषधाचा डोस तीन घरांत तीन तऱ्हेचा असतो तो यामुळे. शेजारणीच्या चिठ्ठीशी आपली चिठ्ठी ताडून बघू नये.

फिटच्या सगळ्याच औषधांबद्दल एफडीएने २००८ मध्ये एक इशारा दिला. काही जणांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. प्रमाण फार थोडं, पण बायपोलरमध्ये तो धोका मुळातच असतो. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर माणूस एकदम गप्प झाला, वस्तू वाटून टाकायला लागला, निरोप घेतल्यासारखं बोलायला लागला, तर वाट बघत बसू नका. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं. आणि पैशांअभावी गोळी थांबवायची वेळ येत असेल तर सरकारी दवाखान्यात आधी चौकशी करा. लिथियम, व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपिन तिन्ही देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत.

काकूंच्या पोराची गोळी त्याच रात्री पुन्हा सुरू झाली, डॉक्टरांना फोनवर विचारून. दोन दिवसांचाच खंड होता, त्यामुळे आहे तोच डोस चालला.

लॅमोट्रिजिनला मात्र असा खंड सोसत नाही. मागच्या महिन्यात नेहमी येणारा एक मुलगा गावच्या लग्नाहून परतला. गोळ्या इथे खोलीवर विसरला होता आणि आठ दिवस त्याने एकही घेतली नव्हती. "ताई, २०० ची द्या, आज रात्रीपासून घेतो," म्हणाला. पाचेक दिवसांहून जास्त खंड पडला की या औषधाची शरीराला झालेली सवय मोडते, आणि एकदम २०० घेतली तर पुरळाचा धोका पहिल्या दिवसाइतकाच असतो. मी त्याला स्टूलवर बसवलं आणि त्याच्या डॉक्टरांना फोन लावला. पाच आठवडे लागले होते त्याला २०० पर्यंत पोचायला. तो खूप नाराज झाला, मग थोड्या वेळाने खिशातून पेन काढून जुन्या चिठ्ठीच्या मागे त्याने नवा हिशोब लिहून घेतला: पहिले दोन आठवडे २५. दर सोमवारी मला फोटो पाठवतो, संपलेल्या स्ट्रिपचा.